बुरशीवर जगणारी बुरशी : शेतात मित्र, अळिंबीच्या खोलीत शत्रू

पाचोरा परिसरातील शेतकऱ्यांना हरभऱ्यावरील मर रोग परिचित आहे. जमिनीतील बुरशीमुळे तो होतो. परंतु अशा बुरशीवरच उपजीविका करणारी दुसरी बुरशीही आहे. तिचे नाव ट्रायकोडर्मा. ती आपले तंतू दुसऱ्या बुरशीच्या तंतूंभोवती गुंडाळते, त्यांचे आवरण विरघळविते व आतील अन्नरस शोषून घेते. तिची ही परोपजीवी वृत्ती वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ साली वर्णिली. पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा भुकटी चोळावी व बियाणे सावलीत सुकवून पेरावे.

मात्र अळिंबी हीदेखील बुरशीच होय. ट्रायकोडर्माच्या काही जाती धिंगरीच्या पिशवीत शिरल्यास काडावर प्रथम पांढरे, नंतर हिरवे डाग पडतात व पीक बुडते. म्हणून भिजविलेले काड ८० अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात तासभर ठेवून मगच वापरावे. हिरवी पडलेली पिशवी न उघडता बाहेर नेऊन दूर पुरावी. बीजप्रक्रिया केल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलूनच अळिंबीच्या खोलीत जावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या दोन्ही गोष्टी शेतकऱ्यांस एकत्रच समजावून सांगाव्यात.