कागदावरचा गंधार

ईशा : मावशी, भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. मग तुझ्यासमोर बसून शिकायचं कशाला?

मावशी : आधी 'हे जग मोठं आहे' म्हण. मग 'सुखाने जग' म्हण.

ईशा : अगं, दोन 'ज' वेगळे आहेत! दुसऱ्याला जीभ दातांकडे सरकते.

मावशी : पण अक्षर एकच. आता गंधाराचं बघ. दरबारी कानड्यात गंधार कोमल, बागेश्रीतही कोमल. दोन्हीकडे खाली तीच रेघ. पण दरबारीचा गंधार आणखी थोडा उतरलेला, सावकाश आंदोलन घेणारा. बागेश्रीत तसं आंदोलन देत नाहीत.

ईशा : म्हणजे दोन्ही लिप्या अपुऱ्याच?

मावशी : जाणत्याला पुरतात. 'कमल' लिहिताना आपण 'ल'चा पाय मोडत नाही, तरी मराठी माणूस तो मोडूनच वाचतो. राग कानात मुरलेला गायकही स्वरलिपी तशीच वाचतो.

ईशा : आणि लांबी?

मावशी : तिथे स्वरलिपी जास्त काटेकोर. लिहिताना आपल्याकडे ऱ्हस्व आणि दीर्घ एवढंच. चिजेत एक अक्षर एकाच स्वरावर चार मात्रा धरायचं असेल, तर अक्षरापुढे तीन अवग्रह आणि वर स्वरापुढे तीन आडव्या रेघा. एका मात्रेत दोन स्वर आले, तर त्यांच्याखाली कंस.

ईशा : अशा रेघा मी ऋग्वेदाच्या छापील प्रतीत पाहिल्यात.

मावशी : बरोबर. तिथे अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी, उदात्त कोरा. खुणा सारख्या दिसतात, पण त्या सांगतात ते वेगळं. आणि तिथेही पाठशाळेतला विद्यार्थी गुरुजींच्या तोंडून ऐकून संथा घेतो.

ईशा : मग भातखंड्यांनी एवढे कष्ट कशासाठी घेतले?

मावशी : चिजा टिकाव्यात म्हणून. त्यांनी घराणेदार गायकांकडून त्या मिळवल्या, लिहून काढल्या आणि सहा भागांत छापल्या. एरवी कितीतरी बंदिशी गाणाऱ्यांबरोबरच गेल्या असत्या. म्हणून पुस्तक जवळ ठेवच. बंदिशीचे शब्द, स्वर, मात्रा त्यात पडताळून घे. पण दरबारीचा गंधार आधी ऐक, माझ्याबरोबर लाव, आणि मगच पान उघड.