परवान्यानंतरची प्रतीक्षा

मुलाला किंवा मुलीला वैमानिक करायचे ठरले की घरात पहिला हिशेब सुरू होतो तो शुल्काचा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित आहे ना, वैद्यकीय तपासणीत डोळे पास होतील ना, प्रशिक्षण गोंदिया, बारामती, धुळ्याला की थेट परदेशात, कर्ज किती मिळेल आणि पहिला पगार किती असेल, अशी सगळी चौकशी होते. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. परवाना हाती आला आणि नेमकी त्याच वर्षी विमान कंपन्यांनी भरती थांबवली, तर पुढची दोन-तीन वर्षे काय करायचे? मंदीत अडकलेले नवे वैमानिक बहुधा अर्ज पाठवत बसतात आणि पालक ओळखीपाळखी शोधत राहतात. त्या काळात खरे नुकसान वेगळ्याच जागी होत असते. उडवण्याचे कौशल्य हळूहळू विरत जाते आणि ज्याचे विरते त्याला ते कळतही नाही. म्हणून या प्रतीक्षेची तजवीज प्रवेश घेण्याआधीच करायला हवी, असे माझे ठाम मत आहे. त्या तजविजीतला मोठा भाग पैशाचा नाही, नेमाचा आहे.

मंदीची भीती उगाच घालतो आहे असे वाटत असेल, तर गेल्या काही वर्षांकडे पाहा. ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशरची विमाने थांबली. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजचे उड्डाण थांबले आणि हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नोकरीच्या रांगेत नव्यांच्या पुढे येऊन उभे राहिले. पुढच्याच वर्षी 25 मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे पूर्ण बंद होती. मे 2023 मध्ये गो फर्स्ट बसली. पण त्याच 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांच्या खरेदीची घोषणा केली. या धंद्यात चढ आणि उतार असे एकमेकांना खेटून येतात. प्रवेश घेतानाची हवा परवाना मिळेपर्यंत टिकेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि वारे फिरते तेव्हा तयार असलेल्यालाच बोलावणे येते.

आता परवान्याचे पाहू. 2023 च्या नियमबदलानंतर आपल्याकडे व्यावसायिक वैमानिक परवान्याची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली. कागदोपत्री सोय झाली हे चांगलेच, पण कागद दहा वर्षे टिकतो म्हणून कौशल्यही टिकेल असे नाही. अमेरिकेत खासगी वैमानिकाला प्रवासी बसवायचा असेल, तर आधीच्या 90 दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात, शिवाय दर 24 महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी करावी लागते. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनासाठी 1983 साली झालेल्या एका अभ्यासात नव्या खासगी वैमानिकांचे कौशल्य परवान्यानंतर आठ, सोळा आणि चोवीस महिन्यांनी तपासले गेले. घसरण मोठी होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण कशात आणि किती घसरलो आहोत याचा वैमानिकांचा स्वतःचा अंदाज प्रत्यक्षाशी फारसा जुळत नव्हता. ‘मला अजून सगळे येते’ हे वाक्य म्हणूनच कुणी पुरावा म्हणून पुढे करू नये.

नेमके काय विरते, याचे उत्तर 2014 च्या एका अभ्यासात मिळते. नासाचे संशोधक स्टीफन कॅसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एअरलाइनच्या सोळा वैमानिकांना बोइंग 747 च्या सिम्युलेटरमध्ये बसवले आणि स्वयंचलित यंत्रणा टप्प्याटप्प्याने काढून घेतल्या. फारसा सराव नसूनही हाताने विमान सांभाळणे आणि उपकरणांवरून नजर फिरवणे बऱ्यापैकी शाबूत होते. अडचण आली ती विचारांच्या कामात. नकाशाच्या पडद्याविना आपण कुठे आहोत हे डोक्यात ठेवणे, पुढची पायरी ठरवणे, बिघडलेले उपकरण ओळखणे अशा कामांत वारंवार आणि गंभीर चुका झाल्या. हे वैमानिक अनुभवी होते, दोनशे तासांच्या नवशिक्याशी त्यांची सरसकट तुलना करता येणार नाही. त्याचा तर हातही अजून पक्का बसलेला नसतो. पण रोख स्पष्ट आहे. डोक्यातला भाग कच्चा पडतो, आणि तो भाग विमानाशिवायही घोटता येतो. नोकरीविना घरी बसलेल्या वैमानिकासाठी याहून दिलासा देणारी गोष्ट नाही.

उदाहरण घेऊ. गोंदिया ते नागपूर हे सरळ रेषेत साधारण 75 सागरी मैलांचे अंतर. सेसना 172 चा हवेतला वेग 100 नॉट धरला, तर वारा नसताना 45 मिनिटे लागतील. समोरून 15 नॉट वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग 85 वर येतो आणि वेळ 53 मिनिटांवर जातो. आता अर्ध्या वाटेत धुरकट हवेने समोरचे दिसेनासे झाले. मागे फिरायचे की पुढे जायचे? मागे फिरल्यास तोच वारा पाठीशी येतो, मग किती मिनिटे वाचतात? टाकीत उरलेल्या इंधनात राखीव साठा सुटतो का? रेडिओवर कुणाला आणि कोणत्या शब्दांत कळवायचे? विद्यार्थी असताना ही उत्तरे जिभेवर असतात. वर्षभर वही उघडली नाही की तोच मुलगा पेन्सिल चावत बसतो. हा सराव स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून होतो आणि त्याला खर्च शून्य येतो. नागपूरचा हवामान अहवाल रोज वाचावा, संध्याकाळी प्रत्यक्ष हवा तशी निघाली का ते पडताळावे, आठवड्यातून दोनदा एका मार्गाचे पूर्ण नियोजन हाताने करावे. कॉकपिटचे चित्र भिंतीला लावून, खुर्चीत बसून, हात त्या त्या बटणापर्यंत नेत चेकलिस्ट मोठ्याने म्हणावी. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले तर नाक खाली, वेग सांभाळणे, समोरच उतरायची जागा, मग इंधनाचा खटका, हा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी यायला हवा. घरच्यांना हे वेडेपणाचे वाटेल. वाटू द्या.

पण खुर्चीवर सगळे भागत नाही, हेही तितकेच खरे. अवतरणाच्या शेवटच्या काही फुटांत विमान धावपट्टीवर हळुवार टेकवणे, आडव्या वाऱ्यात नाक सरळ ठेवणे, हे विमानातच शिकले जाते आणि विमानातच टिकते. संगणकावरच्या सिम्युलेटरने ते होईल असे काही जण सांगतात. उपकरणांवर उडवण्याची पद्धत आणि धारणमार्गात (होल्डिंग) शिरण्याचा क्रम यासाठी तो उत्तम आहे, पण त्यात बाहेर पाहण्याची सवय मोडते आणि डोळे पडद्यावरच्या काट्यांना चिकटतात. तेव्हा प्रत्यक्ष उड्डाणाला पर्याय नाही.

यावर पालकांचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: आधीच कर्ज काढले, आता तासाला पंधरा हजार कुठून आणायचे? महिन्याला एक तास धरला तर वर्षाचे पावणेदोन-दोन लाख होतात. प्रशिक्षणाला पन्नास लाखांच्या आसपास खर्चून ही रक्कम वाचवणे म्हणजे घर बांधून छप्पर न घालण्यासारखे आहे. तेही जमत नसेल तर दोन महिन्यांतून एक तास घ्यावा, पण प्रशिक्षकाबरोबर आणि आधी ठरवून: स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल हरपल्यावर, सावरणे, इंजिन बंद पडल्याचा सराव, आडव्या वाऱ्यातली अवतरणे. मित्राला बसवून गावावरून घिरट्या घालण्यात तो तास घालवू नये. ज्यांना शिकवण्याची आवड आहे त्यांनी साहाय्यक प्रशिक्षकाचे मानांकन जरूर घ्यावे. दुसऱ्याच्या चुका ओळखताना स्वतःचा पाया पक्का होतो, तासही वाढतात आणि थोडेफार मानधनही मिळते. पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी आणि उपकरण मानांकनाची वार्षिक चाचणी मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये.

दुसरा आक्षेप असा की, कंपनी घेईल तेव्हा शिकवेलच, आताच धडपड कशाला? कंपनी शिकवते ती निवडलेल्यांना. निवडीत लेखी परीक्षा असते, तांत्रिक मुलाखत असते, बहुतेक ठिकाणी सिम्युलेटरची चाचणीही असते. वर्षभर न उडालेला उमेदवार तिथेच गळतो. याच्या उलट, घाई करून काही कुटुंबे नोकरीची खात्री नसताना आणखी पंधरा-वीस लाख घालून एअरबसचे टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाचे मानांकन) करून ठेवतात. 2008 नंतरच्या मंदीत असे अनेक जण रेटिंग घेऊन घरी बसले. मोठ्या विमानावरचे कौशल्य न वापरता लवकर विरते आणि ते टिकवणे तर कितीतरी महाग. भरतीचे पत्र हाती नसेल, तर हा खर्च करू नये.

लॉगबुकमध्ये न उडालेले तास भरून देणारा कुणी भेटला, तर त्याच्याशी दुसरे वाक्यही बोलू नये. 2011 साली बनावट गुणपत्रिका आणि खोट्या तासांची प्रकरणे उघडकीस आली तेव्हा वैमानिकांना अटक झाली होती. पण अटकेचे सोडा, तो तास ज्या दिवशी खरोखर लागेल त्या दिवशी मागे प्रवासी बसलेले असतील.

तेव्हा पालकांना आणि विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रशिक्षण संस्थेत प्रवेशाला जाल तेव्हा शुल्काबरोबर हेही विचारा, की परवान्यानंतर माजी विद्यार्थ्याला प्रशिक्षकासह एक तास कोणत्या दराने मिळेल आणि त्याला विमान किती दिवसांत उपलब्ध होईल. दोन वर्षांच्या सरावाचे साडेतीन-चार लाख पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा. ते आज ठेवता येत नसतील, तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकला.