जग शून्यातून झाले काय?



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर एका आजींनी मला अडवले. "गुरुजी, दीक्षा घेतली, देव्हारा काढला. पण नातू विचारतो, देव नाही तर हे जग कुणी केलं? काय सांगू?" जवळच बसलेला कॉलेजचा तरुण म्हणाला, "सांगा, शून्यातून झालं. विज्ञानाने सिद्ध केलंय."

त्याचा उत्साह चांगला. उत्तर मात्र बरोबर नव्हे. देव्हारा काढून त्या जागी ऐकीव वाक्य मांडायचे काय?

१९२९ साली हबल यांनी दाखवले की, दीर्घिका जितक्या दूर, तितक्या अधिक वेगाने त्या आपल्यापासून लांब जात आहेत. पुढे अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन यांच्या अँटेनात चहूकडून सारखी खरखर येऊ लागली. कबुतरांनी केलेल्या घाणीमुळे असेल, म्हणून त्यांनी ती साफ केली. खरखर गेली नाही! ती विश्वाच्या जुन्या उष्णतेची खूण होती, हे १९६५ साली जाहीर झाले. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि दाट होते, एवढे यावरून कळते. तप्त आणि दाट होते म्हणजे काहीतरी होतेच. काही शास्त्रज्ञ 'शून्यातून विश्व' म्हणतात, पण त्यांच्या शून्यातही निदान निसर्गनियम तरी असतात. आपण डबा रिकामा म्हणतो तेव्हा त्यात हवा असते, तसेच काहीसे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच प्रश्न ईश्वरवाद्यांपुढे ठेवला आहे. ईश्वराने जग शून्यातून केले की कशापासून? शून्यातून काही होते, हे पटत नाही. कशापासून केले म्हणाल, तर ते आधीच होते, म्हणजे त्याचा कर्ता ईश्वर नव्हे. कुंभाराला आधी माती लागतेच. आता हा तर्क आपल्या तरुणालाही लागू पडतो, हे त्याने ध्यानात घ्यावे.

जग शाश्वत की अशाश्वत, असे मालुंक्यपुत्ताने विचारले, तेव्हा तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. बाण कोणी मारला हे कळेपर्यंत तो उपटू न देणारा माणूस मरून जाईल. काही जण हा दृष्टान्त मुलांना गप्प करण्यासाठी वापरतात. ते मला मान्य नाही. दुःख दूर करण्याचे काम या उत्तरासाठी थांबवू नये, एवढाच त्याचा अर्थ. मुलाने तारे पाहू नयेत, असा नव्हे.

आजींना मी म्हटले, "नातवाला सांगा, जगाचा आरंभ कसा झाला ते अजून कुणालाच पक्के ठाऊक नाही, शोध चालू आहे."

"ठाऊक नाही म्हटलं तरी चालतं?" त्यांनी विचारले. भटजींनी त्यांना असे कधी म्हटले नव्हते.