चढाची शर्यत

(मॅरेथॉनविषयी तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. चढाच्या रस्त्यावरून आणि दमट हवेत एवढे लांब धावायचे, तर तयारी कशी करावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

कामण हे गाव वसईच्या पूर्वेला आहे. वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर 'कामण रोड' नावाचे छोटे स्थानक लागते. जवळच कामणदुर्गाचा डोंगर आहे, तुंगारेश्वरच्या जंगलाची रांग आहे आणि गावाजवळून चिंचोटी ते भिवंडी हा रस्ता जातो. समुद्र येथून दिसत नाही. पण हवेतला दमटपणा मात्र किनाऱ्याचाच.

समजा, या गावातला एखादा तरुण म्हणाला, "मी मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये धावणार." तर त्याने काय करावे?

आधी मॅरेथॉन म्हणजे काय ते पाहू. ही ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराची शर्यत आहे. 'शर्यत' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तुमच्या उर्दूतला 'शर्त' आणि हा शब्द एकाच घरचे आहेत. मैदान, मजल, दम, हवा हे शब्दही असेच. १८९६ मध्ये अथेन्स येथे पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने झाले. तेथे स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक धावपटू मॅरेथॉन जिंकला. तो पाणी वाहून नेण्याचे काम करीत असे. तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. आजचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले असून १९२१ मध्ये ते कायम करण्यात आले.

मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. आता ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी पहाटे होते. तिच्या मार्गात वेळोवेळी बदल झाले आहेत. पण धावणाऱ्यांशी बोलताना चढाचा विषय निघाला, की पेडर रोडचे नाव येतेच. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे, परंतु ते नाव फारसे कोणी घेत नाही. कामणदुर्गापुढे हा चढ अगदीच लहान. मग धावपटू त्याला एवढे का भितात?

कारण आहे त्याच्या जागेत. परतीच्या वाटेवर हा चढ येई तो सुमारे पस्तीस किलोमीटर धावून झाल्यावर. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो. लांब धावताना तो तीस किलोमीटरच्या सुमारास संपत येतो. पाय जड होतात, मन कंटाळते. अशा वेळी सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. खरा चढ आला तर काय होईल, याची कल्पना करा!

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या मॅरेथॉनमध्येही असाच एक चढ आहे. तो बत्तिसाव्या किलोमीटरनंतर येतो. १९३६ साली तेथे एक गंमत घडली. जॉनी केली हा आदल्या वर्षीचा विजेता मागून आला आणि सर्वांत पुढे असलेल्या टार्झन ब्राऊनला त्याने गाठले. जाता जाता त्याने ब्राऊनची पाठ थोपटली. 'चांगला धावलास, आता मी पुढे जातो,' असेच जणू त्याला म्हणायचे होते! ती थाप ब्राऊनला लागली असावी. तो पुन्हा जोर करून पुढे गेला आणि शर्यत जिंकला. केली पाचवा आला. एका वार्ताहराने या प्रसंगावरून त्या चढाला 'मन मोडणारी टेकडी' अशा अर्थाचे नाव दिले. ते आजही चालू आहे. केलीची चूक पाठ थोपटण्यात नव्हती, असे मला वाटते. ब्राऊनला गाठण्यासाठी त्याने आपला दम आधीच खर्च केला होता.

तेव्हा चढावर पहिली गोष्ट ही, की वेग सांभाळायचा नाही, श्वास सांभाळायचा. सपाटीवर जितका दम लागतो तितकाच चढावर लागला पाहिजे. त्यासाठी वेग कमी झाला तरी चालेल. पावले लहान टाकावीत. कमरेतून वाकू नये. सगळे शरीर किंचित पुढे झुकवावे. नजर पायाखाली न ठेवता दहा-पंधरा पावले पुढे ठेवावी. हात मागे-पुढे नीट हलवावेत, कारण हातांच्या तालावर पाय चालतात.

उतार सोपा वाटतो, पण खरा धोका तेथेच असतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतात आणि त्याच वेळी शरीराला आवरूनही धरत असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात. टाच आपटत, ब्रेक लावल्यासारखे उतरू नये. लहान आणि हलकी पावले टाकावीत.

आता सरावाकडे वळू. शर्यतीआधी निदान सोळा आठवडे हवेत आणि त्याच्याही आधी काही महिने रोज थोडे धावण्याची सवय हवी. जानेवारीपासून मागे मोजले, तर सप्टेंबरची अखेर येते. पाऊस ओसरत असतो आणि मागून ऑक्टोबरचा उकाडा येतो. कोकणपट्टीतला हा महिना धावणाऱ्याची परीक्षाच पाहतो. आपला घाम वाळतो तेव्हा अंग थंड होते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि अंग तापतच जाते. मात्र दहा-पंधरा दिवस सावकाश धावत राहिले, की शरीर उकाड्याला सरावते. ऑक्टोबर असा काढलेल्या माणसाला जानेवारीची पहाट सुखाची वाटते. आपल्याकडे कडाक्याची थंडी नसते. तरी सूर्य वर आला, की दमट हवेत ऊन चांगलेच लागते.

आठवड्यातून एक दिवस लांब धावावे. हे अंतर हळूहळू वाढवीत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यावे. आणखी एक दिवस चढासाठी ठेवावा. मिनिट-दीड मिनिटाचा एखादा चढ निवडावा. जोराने वर जावे, चालत खाली यावे. सुरुवातीला चार वेळा, पुढे आठ वेळा. उरलेल्या दिवसांपैकी काही दिवस सोबत्याशी बोलता येईल इतक्या सावकाश धावावे आणि एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. उपवास किंवा रोजा असेल त्या दिवशी लांब धावणे ठेवू नये. शेवटच्या तीन आठवड्यांत अंतर कमी करीत आणावे. पुष्कळांना हेच जमत नाही. त्यांना वाटते, विश्रांती म्हणजे आळस. मग ते दमलेल्या पायांनीच शर्यतीला उभे राहतात.

कामणमध्ये चढाला तोटा नाही. तोटा आहे तो धावण्याच्या चांगल्या जागेचा. भिवंडीच्या रस्त्यावर मालाचे ट्रक आणि कंटेनर सारखे धावत असतात. पहाटेच्या काळोखात तेथे धावणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. म्हणून शाळेचे मैदान, गावातले आतले रस्ते, पाड्यांकडे जाणारे छोटे चढ बरे. रस्त्याने जावेच लागले, तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे जावे आणि पांढरे कपडे घालावेत. तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे. तेथे वनखात्याचे नियम पाळावेच लागतात. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्याकडे तर जाऊच नये.

पाण्याविषयी दोन शब्द. तहान लागेल तसे घोट-घोट पाणी प्यावे, अधूनमधून मीठ-साखर घातलेले लिंबूसरबत घ्यावे. नुसते पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातले मीठ पातळ होते, आणि तेही जिवावर बेतू शकते. धावताना छातीत दुखले, डोके गरगरले, बोलणे अडखळू लागले, तर तेथेच थांबून मदत मागावी. मोठ्या शर्यतींत माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात मोही नावाचे गाव आहे. ललिता बाबर त्या गावच्या. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे त्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला.

तुमचे वय मात्र अजून मॅरेथॉनचे नाही. पूर्ण मॅरेथॉनसाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. तोपर्यंत शाळेच्या मैदानावर दोन-तीन किलोमीटर धावावे आणि एखादा छोटा चढ ओळखीचा करून ठेवावा.

शब्दार्थ
मजल – एका टप्प्यात पार केलेले अंतर. दमट – ओलसर. उकाडा – गरमी. यकृत – जिगर. निथळणे – थेंब-थेंब गळणे. ठणकणे – सतत दुखणे. तोटा – उणीव. दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कामण रोड हे स्थानक कोणत्या रेल्वेमार्गावर आहे?
(आ) १८९६ ची मॅरेथॉन कोणी जिंकली?
२. कारणे लिहा.
(अ) पेडर रोडचा चढ लहान असूनही अवघड वाटे.
(आ) दमट हवेत अंग लवकर थंड होत नाही.
३. 'चढ × उतार' यासारख्या विरुद्धार्थी शब्दांच्या दोन जोड्या लिहा.
४. पाठातील असे पाच शब्द शोधा, की जे उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर चढ-उतार कोठे आहेत, ते पाच-सहा वाक्यांत सांगा.