जीर्ण श्वासरोग्याचे धमनीस्वास्थ्य

प्राणवह स्रोतसाचे मूळ हृदय व महास्रोतस, तर रसवह स्रोतसाचे मूळ हृदय व दश धमन्या, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ५) सांगितले आहे. दोहोंचे मूळ हृदयच असल्याने श्वासरोग्याची चिकित्सा केवळ उरःस्थानापुरती मर्यादित ठेवता येत नाही. सी.ओ.पी.डी.च्या अनेक रुग्णांचा मृत्यू श्वसन बंद पडून नव्हे, तर हृदयविकाराने होतो.

संप्राप्ती : विडी-सिगारेटचा वा चुलीचा धूर फुप्फुसात शोथ उत्पन्न करतो. त्याचे परिणाम रक्तामार्गे सर्वशरीरगत होतात. धमनीच्या अंतःस्तराची नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्याची क्षमता घटते, भित्तीतील लवचिक तंतू झिजतात व धमनी कठीण होते. नानात्मज कफविकारांतील धमनीप्रतिचयाचे येथे स्मरण होते. ऑक्सिजनच्या न्यूनतेने फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयाच्या उजव्या भागावर भार येतो व कालांतराने पायांवर सूज दिसते.

परीक्षण : प्रत्येक भेटीत नाडीची गती व नियमितता, रक्तदाब, मानेतील शिरा आणि पावलावरील नाडी पाहावी. चालताना पोटरी दुखून थांबताच वेदना शमत असेल, तर पायाच्या धमनीत अवरोधाची शंका घ्यावी. श्वासवेग शमल्यानंतरही काही आठवडे हृदयाघात व पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो.

औषधयोजना : कनकासवातील धत्तूर नाडीची गती वाढवतो, सोमलतेतील एफेड्रीन गतीसह रक्तदाबही वाढवते. यष्टिमधूच्या दीर्घकाळ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल गोळ्या वा साल्बुटामॉल चालू असल्यास ही घट अधिक होऊन हृद्गती बिघडू शकते. म्हणून रुग्णाची सर्व औषधे प्रथम विचारावीत. चालू असलेले इन्हेलर अकस्मात बंद करू नये.

औषधालयचालकांनी कनकासव किंवा सोमलतायुक्त कल्पाची बाटली वैद्याच्या नव्या चिठ्ठीविना पुनःपुन्हा देऊ नये. श्वास कमी झाल्याने समाधान पावलेला रुग्ण रक्तदाब मोजायला येत नाही, हे ध्यानी घ्यावे.

छातीत वेदना, एकाच पायास सूज येऊन अकस्मात वाढलेला श्वास, वाचा अडखळणे किंवा ओठांवरील निळेपणा दिसल्यास औषध देऊन वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

निदानपरिवर्जन, म्हणजे येथे धूम्रत्याग, हाच फुप्फुस व धमनी या दोहोंचा प्रथमोपचार होय.