आधी १९३०, मग खातं

सोशल मीडियाचं खातं हॅक झालं की माणूस आधी खात्याच्याच मागे धावतो. पासवर्ड टाकून बघतो, ॲप काढून पुन्हा टाकतो, मोबाइलचं दुकान गाठतो. तेवढ्या वेळात चोर त्याच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागत असतो. जुन्या जालन्यात आमच्या घरी हेच झालं, म्हणून काय आधी आणि काय नंतर, ते सांगतो.

माझी बायको पापड-कुरडयांच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेते. गांधी चमनपासून कुंडलिका नदीपलीकडे नव्या जालन्यापर्यंत तिची गिऱ्हाइकं. त्यांतल्याच एकीच्या नंबरवरून मेसेज आला, "ताई, माझा कोड चुकून तुमच्याकडे आलाय, पाठवता का?" नंबर ओळखीचा, बाई ओळखीची. सहा आकडे गेले आणि हिचं व्हॉट्सॲप बंद पडलं. त्या बाईंचं खातं आधीच चोराच्या हातात होतं.

मग हिच्या नावाने मेसेज सुटले, "दवाखान्यात आहे, वीस हजार टाका, सकाळी देते." माझ्या धाकट्या भावाला ही 'भावजी' म्हणते; मेसेजमध्ये होतं 'भैया'. त्याला शंका आली, त्याने थेट फोन लावला. परतूरच्या मावसबहिणीने मात्र तोवर पैसे पाठवले होते.

पहिलं काम तिचंच. ज्याच्या खात्यातून पैसे गेले, त्याने लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. चोराच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर बँकेकडून ते गोठवता येतात. तिथून ते पुढे सरकले की माग काढणं अवघड होतं. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने बाकीच्यांना फोन करून सावध करावं.

दुसरं काम खात्याचं. आपल्याच फोनमध्ये आपल्याच नंबरने व्हॉट्सॲप पुन्हा नोंदवा. एसएमएसने आलेला सहा आकडी कोड टाकला की चोर आपोआप बाहेर पडतो. त्याने टू-स्टेप पिन लावून ठेवला असेल तर पिनशिवाय आत जायला तुम्हाला ७ दिवस थांबावं लागतं. पण त्या काळात तोही बाहेरच असतो. आत गेल्यावर 'लिंक्ड डिव्हाइसेस' तपासून अनोळखी उपकरण काढून टाका. कुणाच्या सांगण्यावरून तारा आणि हॅशची चिन्हं असलेला नंबर फिरवला असेल तर कॉल दुसरीकडे वळलेले असू शकतात. ##००२# डायल करून ते बंद करा.

फेसबुक किंवा इन्स्टाग्राम गेलं असेल तर आधी ई-मेलचा पासवर्ड बदला. ई-मेलच चोराकडे असेल तर बाकी सगळी खटपट फुकट. ई-मेल पत्ता बदलल्याची सूचना जुन्या पत्त्यावर येते, त्यातूनच तो बदल रद्द करता येतो. तसं जमलं नाही तर त्या त्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे 'स्लॅश हॅक्ड' लिहून मदतीचं पान उघडा. 'पाच हजारांत खातं परत आणून देतो' म्हणणारा दुसरा चोर असतो, त्याला एक पैसाही देऊ नका.

लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे ॲपची फाइल उघडली असेल तर गोष्ट निराळी, तिथे अख्खा फोनच चोराच्या ताब्यात जाऊ शकतो. २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याचे अशाच पत्रिकेपायी सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. अशा वेळी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

पोलिसांत जायला लाजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांचंही व्हॉट्सॲप हॅक झालं होतं. त्यांनी ते सगळ्यांना जाहीर सांगितलं आणि पोलिसांत तक्रार दिली. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आजच घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. आणि पैशाचा मेसेज कुणाच्याही नावाने येवो, त्या माणसाशी फोनवर बोलल्याशिवाय रुपयाही पाठवू नका.