परदेशी निघालेल्या लेकरांना चार गोष्टी

लेकरांनो, 2024 साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्या परभणी जिल्ह्यातल्या वालुरातही नर्सिंग, आयटीआय झालेली पोरं-पोरी जर्मन भाषेची चौकशी करायला लागली आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत आपण लहानाचे मोठे झालो. मी आखातात वायरमनचं काम करून आलो आणि धाकटी लेक श्टुटगार्टजवळ एका दवाखान्यात नर्स आहे. व्हिसा-तिकिटाचं एजंट सांगेल. तो जे सांगणार नाही, ते मी सांगतो.

तिकडं तुम्ही तोंड उघडायच्या आत लोक तुमच्याबद्दल काहीतरी ठरवून मोकळे झालेले असतात. आखातात मला जो तो 'मलबारी का?' म्हणून विचारायचा, कारण त्यांनी पाहिलेली निम्मी-अधिक हिंदुस्थानी माणसं केरळची. मिसरी फोरमन माझ्याशी मोडक्यातोडक्या उर्दूत बोलायचा. हिंदुस्थानी म्हटल्यावर मला तीच येणार, हे त्यानं धरूनच चाललेलं. लेकीला तिकडं विचारतात, तुझी मातृभाषा हिंदी ना? ती सांगते, मराठी; आठ कोटींहून जास्त लोक बोलतात. समोरचा चकित होतो आणि पुढं दहा प्रश्न विचारतो. अशा माणसावर डोकं तापवू नका. अंदाज बांधणारा माणूस वेगळा आणि नुकसान करणारा वेगळा. पहिल्याला तोंडानं उत्तर द्यायचं, दुसऱ्याला कागदानं. सगळ्या कानमंत्रांत हा मोठा.

आता भाषेचं. नर्सला बी-टू पातळीची परीक्षा लागते, पण परीक्षा पास होणं आणि बेकरीत पाव मागणं यात फार अंतर आहे. लेक सुरुवातीला दुकानात नीट जर्मन बोलायची, तरी काउंटरवरची बाई तिचा रंग बघून इंग्रजीत उत्तर द्यायची. लेकीनं एक वाक्य पाठ केलं: 'आउफ डॉइच, बिट्टे.' म्हणजे जर्मनमध्येच बोला. हसून म्हणायचं आणि आपलं जर्मन पुढं चालू ठेवायचं. थोड्याच दिवसांत ती बाई तिच्या चुका सुधारून द्यायला लागली. तुम्ही इंग्रजीवर घसरलात की समोरच्याचा अंदाज पक्का होतो, आणि तुमचं जर्मन तिथंच थांबतं.

वॉर्डातली म्हातारी माणसं तर श्वेबिश बोलीत बोलतात, ती कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. बुजू नका. पुण्यात आपल्या पोरांच्या 'करूलालो, येऊलालो'ला हसणारे भेटतात, म्हणून आपण पुणं सोडून येत नाही. म्हाताऱ्यांना पुन्हा सांगायला लावा. विचारणाऱ्या नर्सवर त्यांचा जीव बसतो.

दुसऱ्याची भाषा शिकल्यानं आपली जाते, असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्या भागाचा इतिहास सांगा. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतून. आपल्या वाडवडिलांतली शिकलेली माणसं ती शिकली, तिच्यात अर्ज लिहिले, आणि घरात जात्यावर ओव्या मराठीतच चालू राहिल्या.

कागदाचं नीट ऐका. एका पेशंटनं लेकीला 'तू हात लावू नको, आमच्या माणसाला पाठव' असं सुनावलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. वरिष्ठ नर्सला बोलावलं, घडलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवलं, तिथं कोण हजर होतं तेही लिहिलं. तसंच करा. घरमालक फोनवर खोली रिकामी आहे म्हणाला आणि तुम्हाला बघताच 'गेली' म्हणाला, तर जाहिरात आणि निरोप जपून ठेवा. जर्मनीत 2006 पासून समान वागणुकीचा कायदा आहे. वंश, धर्म, लिंग अशा कारणावरून कामात, खोली देताना, दुकानात भेदभाव झाला तर भरपाई मागता येते. पण मागणी दोन महिन्यांच्या आत करावी लागते. बर्लिनमध्ये यासाठी केंद्र सरकारचं कार्यालय आहे, ते फुकट सल्ला देतं. दोन महिने मनात कुढण्यात घालवू नका.

आणि एकट्यानं लढू नका. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू आपल्या हक्काच्या देशात, इस्रायलला गेले, तर तिथं धर्मगुरूंनी त्यांच्याच ज्यू असण्यावर शंका घेतली, लग्नात अडथळे आणले. ते एकत्र आले, उपोषणं केली, धरणं धरलं. 1964 साली तिथल्या संसदेला आणि सरकारला त्यांच्या बाजूनं उभं राहावं लागलं. त्यांनी तिथं 'मायबोली' नावाचं मराठी मासिकही चालवलं.

मात्र अंगावर येणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही. 2017 साली अमेरिकेत कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या आपल्या शेजारच्या हैदराबादच्या इंजिनियरला एकानं इराणी समजून गोळी घातली. दारू पिऊन शिव्या देणारा दिसला की जागा सोडा, माणसांत जाऊन थांबा, जर्मनीत असाल तर पोलिसांच्या 110 ला फोन लावा. त्यात कमीपणा नाही.

एक आपल्या घरचंही बोलतो, कारण मला ते खुपतं. आपली चक्राकार बारव बघायला कुणी गोरा माणूस आला की आपण त्याला अमेरिकन ठरवतो आणि न विचारता फोटो काढतो. बांधकामावर आलेल्या बिहारच्या पोराला त्याचं नाव सोडून सगळं म्हणतो. तिकडं जे सोसायचं नाही, ते इथं करू नका. सवय आजच लावा.

तिकडं गेल्यावर अपमान झाला तर घरापासून लपवू नका. आई काळजी करेल म्हणून पोरं गप्प बसतात आणि आतून खचतात. जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागं असतं, हिवाळ्यात साडेचार. तुमची ड्युटी संपते तेव्हा मी जागाच असतो. फोन करा.